एकशे ऐंशी वर्षांपूर्वीचे व्हीगन

व्हीगन, म्हणजे प्राण्यांपासून मिळणारं काहीच न खाणं-वापरणं, हे हल्लीचं फॅड आहे असं एकाने लिहिलंय. शब्द १९४४चा आहे हे खरं, पण अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधे ब्रॉन्सन अल्कॉट आणि चार्ल्स लेन यांनी १८४३च्या जूनमधे फ्रूटलँड्स नावाची वसाहत काढली होती, तिथे मांस, दूध, अंडी, मध काहीच नाही, चहा-कॉफी नाही आणि कापूस गुलामांच्या घामातून येतो म्हणून सुती कपडेही नाहीत, लोकर मेंढीची म्हणून तीही नको, सगळे लिननमधे. आपल्या ताटाचा आणि सदऱ्याचा संबंध थेट गुलामगिरीशी जोडणारा अल्कॉट मला तरी फार मोठा माणूस वाटतो. आधी बॉस्टनच्या शाळेत त्याने एका काळ्या मुलीला प्रवेश दिला, पालकांनी पोरं काढून नेली तरी हा मागे हटला नाही.

पण अ‍ॅबिगेलबद्दल, त्याच्या बायकोबद्दल, कोणीच बोलत नाही याचं वाईट वाटतं. जनावरं राबवायची नाहीत म्हटल्यावर राबणार कोण? मुलगी लुइझाने पुढे लिहिलंय, बार्ली कापून पडलेली, वादळ येतंय आणि पुरुषमंडळी बाहेर, तेव्हा आईने पोरांना हाताशी धरून कपड्यांच्या टोपल्यांत नि चादरींत भरभरून पीक घरात आणलं. लुइझा तेव्हा दहा वर्षांची. थंडीत सगळं मोडलं, जानेवारी १८४४मधे अल्कॉट कुटुंब तिथून निघालं. त्यामुळे ही गोष्ट सांगताना अ‍ॅबिगेलचं नाव आधी घ्या प्लीज.