पांढऱ्या भिंती ठीक, पण पुरुमेंत कुठे ठेवायचं?

चिऱ्याचं_घर:
एका इंटिरिअर डिझायनरची पोस्ट सगळीकडे फिरतेय, ‘गोव्यातल्या कुटुंबासाठी मिनिमल घर’. पांढऱ्या भिंती, बिनहँडलची कपाटं, ओपन किचन, सपाट फॉल्स सीलिंग. वर नियम असा की सहा महिन्यांत ज्या वस्तूला हात लागला नाही ती घराबाहेर. वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. चवथीचा, म्हणजे गणेश चतुर्थीचा, चौरंग वर्षातून एकदाच निघतो, मग तो टाकायचा? मे महिन्यात आम्ही पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरतो: सोलां (आमसुलं), मिरच्या, उकडे तांदूळ, नारळ, सुकी सुंगटां (कोळंबी). फोटोतल्या किचनात एक बरणी ठेवायला फळी नाही. आणि ओपन किचनमध्ये बांगडे तळून बघा, सोफ्याचे अभ्रे दुसऱ्या दिवशीही वास मारतात.

पर्वरीकर:
पुरुमेंत आजीच्या काळी लागायचं. आता इमारतीखालीच दुकान आहे. माझी आई दम्याची. डॉक्टरांनी आधी घरातली बुरशी काढायला सांगितलं. माळ्यावर कापसाच्या गाद्या होत्या, ट्रंकेत साड्या, आणि भिंतीला चिकटलेलं कपाट ओढलं तर मागची बाजू बुरशीने काळी. सगळं काढलं, कपाटं भिंतीपासून सुटी केली. गेल्या पावसात तिला पंप क्वचितच लागला. तुम्हाला हे फॅशनचं खूळ वाटत असेल, आमच्याकडे औषध ठरलं.

चिऱ्याचं_घर:
आईंना बरं वाटलं, आनंद आहे. पण १ जून ते ३१ जुलै मासेमारीचे ट्रॉलर बंद असतात, तेव्हा तुमच्या खालच्या दुकानात बाहेरचं बर्फातलंच मिळतं ना? आमच्या ताटात तेव्हा सुकं असतं.

सुतारकी:
मासळीचं नंतर बघा, आधी प्लाय बघा. बिनहँडलच्या दाराला पुश-लॅच, म्हणजे दाबलं की दार उघडणारा खटका, लागतो. जुलैत दार फुगलं की दाबून उघडत नाही आणि ओढायला बोटभर जागा नसते. अशी दारं सोडवायला मला दर पावसात बोलावणं येतं. गिऱ्हाईक लॅमिनेटचा रंग निवडायला तासभर बसतं आणि आत काय घातलंय ते विचारत नाही. आत एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला फळा, असतो, सिंकखालच्या कडेला पाणी लागलं की फुलतो. आयएस ७१० मानकाचा, पाणी सोसणारा मरीन प्लाय मागा, चारही कडा बंद करून घ्या, बिजागऱ्या न गंजणाऱ्या ३०४ स्टीलच्या घ्या.

डिचोलीची_सून:
आणि माटोळी, गणपतीच्या वर टांगतो ती फळापानांची चौकट? त्यावर कोणीच बोलत नाही. नव्या घरातली पहिली चवथ, ठेकेदार म्हणाला जिप्समच्या फॉल्स सीलिंगला हूक चालतो. आदल्या रात्री नारळांचा घड आणि सुपारीचे कातरे (घोस) बांधले आणि अख्खा तुकडा खाली आला. मूर्ती यायची होती म्हणून निभावलं.

पर्वरीकर:
चवथ मूळ घरात होते. फ्लॅटला माटोळी कशाला?

डिचोलीची_सून:
सगळ्यांना मूळ घर आहे असं धरून चालू नका. आमची वाटणी झाली आणि गणपती वेगळा झाला. आणि तुमच्या मूळ घरात चौरंग, समया, भाणी (तांब्याची मोठी भांडी) कोण घासतं? तुमचा हॉल मोकळा राहतो, कारण पसारा तिथली कोणी काकी सांभाळते.

पर्वरीकर:
माझ्या काकीला मधे आणू नका. चवथीला आम्ही दोन दिवस आधी जाऊन घासतो.

चिऱ्याचं_घर:
आणि उरलेलं वर्ष? डिचोलीच्या सुनेने नेमकं वर्मावर बोट ठेवलंय. पोस्टमधल्या घरांनाही कुठेतरी असं दुसरं घर असणार.

पर्वरीकर:
बरं, भाणी मूळ घरी आहेत, हे मान्य. म्हणून ८५ चौरस मीटरमध्ये मी दोन मुलं, आई आणि तांब्याची भाणी कोंबू का?

माशेलकार:
हूक कुठेही मारा, माटोळीत घालता काय ते सांगा. म्हापशाच्या बाजारातून बांधलेली जुडी आणतात आणि टांगतात. कवंडळ, तोरिंग ही माटोळीची फळं पोरांना ओळखता येत नाहीत. गोवा सरकारच्या कला आणि संस्कृती संचालनालयाच्या स्पर्धेतल्या माटोळ्या बघायला पोरांना न्या, शेकडो रानवस्तू दिसतील.

डिचोलीची_सून:
आमच्या इमारतीत रान नाही, दादा. बाजारातून आणलं म्हणून श्रद्धा कमी होत नाही.

सुतारकी:
जिप्समच्या मागे पातळ पत्र्याच्या पट्ट्या असतात, त्या वजन घेत नाहीत. सीलिंग करण्याआधीच स्लॅबला अँकर फास्टनर (काँक्रीटमध्ये घट्ट बसणारे बोल्ट) मारून चार रॉड खाली सोडायचे, वर्षभर टोकांना झाकणी. सपाट दिसतं, डिझायनरही गप्प.

चिऱ्याचं_घर:
बुरशीचं पटलं, गाद्या यंदा काढते. चौरंग जागचा हलणार नाही, पुरुमेंताची फळीही नाही.

डिचोलीची_सून:
सुतारकी, सीलिंग आधीच झालंय त्याचं काय?

सुतारकी:
चार जागी कापावं लागेल. चवथीच्या तोंडावर नको, आत्ताच करून घ्या.