कडाक्याच्या थंडीत रायफल: बोल्ट जड, काच धुरकट, बोटं बधिर

नवा_नेमबाज:

नमस्कार मंडळी,

आजवर माझी सगळी नेमबाजी बंदिस्त रेंजवर झाली. या हिवाळ्यात पहिल्यांदाच उघड्यावर सराव सुरू केलाय, १०० मीटरवर आणि अधूनमधून ३०० वर. रायफल बोल्ट अॅक्शन (बोल्ट म्हणजे काडतूस नळीत कोंडणारा, हाताने मागेपुढे करायचा दांडा), काडतूस ३०८ विंचेस्टर, लाकडी दस्ता, वर स्कोप (नेमाची दुर्बीण). सकाळचं तापमान उणे १२ ते उणे १५.

चाप ओढला की कधी कधी नुसताच मेंगळट 'टक्' आवाज येतो आणि बार होत नाही. तेच काडतूस पुन्हा लावलं तर कधी उडतं, कधी नाही. दुसऱ्या खोक्यातली काडतुसं वापरून पाहिली, तीच रड. शिवाय मधल्या वेळात रायफल घेऊन आत शेकोटीशी बसतो आणि परत बाहेर येतो, तेव्हा स्कोपच्या काचेवर दुधाळ पडदा असतो. बोल्टही जड फिरतो. हातमोजे घातले तर चाप कळत नाही, काढले तर बोटंच कळत नाहीत.

बोल्टला भरपूर तेल दिलेलं आहे, तेव्हा कोरडेपणामुळे होत नसावं. काय करू?

जुना_बोल्ट:

'भरपूर तेल दिलेलं आहे' हे वाचलं आणि निम्मं उत्तर तिथेच मिळालं.

पण आधी एक सांगतो, बाकी सगळं नंतर. बार झाला नाही म्हणून लगेच बोल्ट उघडू नका. नळी टार्गेटकडेच ठेवा, ३० सेकंद थांबा, मग उघडा. काडतूस कधी कधी उशिरा पेटतं आणि तेव्हा बोल्ट अर्धवट उघडा असला तर चेहरा जायचा. आणि न उडालेलं काडतूस पुन्हा लावून बघणं बंद करा. ते बाजूला काढा आणि त्याचा प्रायमर (बुडाची, ठोक्याने पेटणारी टिकली) बघा. चांगल्या ठोक्याचा खड्डा खोल आणि गोल असतो. तुमच्याकडे उथळ टिचकी मारल्यासारखा दिसेल, पैजेवर सांगतो.

कारण असं. फायरिंग पिन, म्हणजे प्रायमरवर ठोका मारणारी सळई, बोल्टच्या पोटात स्प्रिंगच्या जोरावर पुढे धावते. घरच्या तापमानाला जे तेल-ग्रीस सळसळतं, ते उणे १५ ला चिकट होऊन बसतं. पिनचा निम्मा जोर त्यातून वाट काढण्यातच जातो. प्रायमरपर्यंत पोचते ती दमलेली पिन. १९४१ च्या हिवाळ्यात रशियात जर्मन फौजांची हत्यारं थिजली, तीही बरीचशी अशाच वंगणामुळे. त्यामानाने तुमची थंडी सौम्यच म्हणायची.

तेव्हा बोल्ट पूर्ण खोला. पिन, स्प्रिंग आणि बोल्टची आतली पोकळी लायटरमध्ये भरतात त्या द्रवाने किंवा डीग्रीझरने धुऊन काढा (खिडक्या उघड्या ठेवून, शेकोटीपासून लांब). जुनं ग्रीस तपकिरी गोळे होऊन बाहेर येईल. येत नाहीसं झालं की पूर्ण वाळू द्या आणि पिन कोरडीच बसवा. फार तर अतिथंडीसाठीच्या पातळ सिंथेटिक तेलात भिजवून पिळलेलं फडकं एकदा फिरवा, गंजू नये इतपत. ट्रिगरची पेटीही धुवायची, पण खोलायची नाही. तिथे जाड तेल थिजलं तर सिअर (घोडा अडवून धरणारा खटका) जागेवर परत येत नाही. मग बोल्ट बंद करताना घोडा चढतच नाही किंवा धक्क्याने सुटतो. हे बार न होण्यापेक्षा कितीतरी वाईट.

आता यावर लोक म्हणतील की सगळंच कोरडं ठेवा. नको. बोल्टच्या पुढच्या लगांवर (बोल्ट जागी अडकवणाऱ्या खुंट्यांवर) दर फैरीला मोठा दाब येतो, तिथे धातूवर धातू घासून ओरखडे पडतात. तेवढ्या जागी मॉलिब्डेनम डायसल्फाइडची कोरडी पूड किंवा त्याच पातळ तेलाचं एक बोट. बस्स.

आणि आता शेकोटी. माझं ठाम मत आहे की थंडीने रायफल बिघडत नाही, आत-बाहेर केल्याने बिघडते. थंडगार लोखंड उबदार दमट खोलीत आणलं की हवेतली वाफ त्यावर पाणी होऊन बसते. काचेवर ती दिसते म्हणून आपण काच पुसतो. पण तेच पाणी नळीत, बोल्टच्या पोटात, ट्रिगरमध्ये, सेफ्टीच्या फटीत बसलेलं असतं. ते घेऊन तुम्ही पुन्हा उणे १५ मध्ये जाता आणि त्याचा बर्फ होतो. तुमचा बोल्ट जड का फिरतो ते बघा आता.

शेकायला तुम्ही जा, रायफलला नेऊ नका. रिकामी करून, बोल्ट काढून, कुलूपबंद केसमध्ये, कोणाच्या तरी नजरेखाली थंडीतच राहू द्या. दिवस संपल्यावर घरी आणाल तेव्हा केस बंदच ठेवा, काही तास. घाईने चेन उघडलीत की गेलं. आतलं लोखंड खोलीच्या तापमानाला आलं की मग उघडा. बोल्ट काढा, नळीतून कोरडं फडकं ओढा, मग तेलाचं. दस्ता लाकडी आहे म्हणता, तर त्याच्या खाचेत पाणी मुरून राहत नाही ना, तेही बघा. ओल धरून लाकूड फुगलं आणि नळीला टेकलं, की नेम का सरकला हे शोधत बसाल.

पाठीवर_रायफल:

जुना_बोल्ट यांना +१. बायथलॉनमध्ये (बर्फावरचं स्कीइंग आणि नेमबाजी यांची शर्यत) हेच रोज चालतं. शर्यतीआधी रायफली बाहेर ठेवून थंड होऊ देतात आणि मगच झिरो करतात, म्हणजे नेम आणि गोळी एकाच जागी आणतात. उबदार रायफलवर केलेला झिरो तिथे कामाचा नाही. नळीच्या तोंडाला आणि साइटला (नेम धरायच्या खुणेला) बर्फ जाऊ नये म्हणून झाकणं असतात, कारण पाठीवर रायफल घेऊन माणूस बर्फात पडतोच. नियमाप्रमाणे उणे २० च्या खाली शर्यत सुरूच करत नाहीत.

नळीच्या तोंडाची झाकणं मी मुद्दाम सांगतेय. नळीत बर्फ गेल्याचा नुसता संशय आला तरी बोल्ट काढून मागून उजेड बघायचा. 'एक गोळी मारली की निघून जाईल' असं म्हणणारे भेटतात. अडकलेल्या बर्फावर गोळी गेली तर नळी फुगते, कधी फुटते. सरावाला जाताना तोंडावर चिकटपट्टीचा एक थर लावा आणि नेम धरण्याआधी काढा.

हातांबद्दल: आत पकड न सुटणाऱ्या तळव्यांचे पातळ हातमोजे, वर जाड मिटन (चार बोटं एकत्र राहणारा मोजा). फैरीच्या वेळी फक्त उजवं मिटन काढायचं. जाड मोज्याचं बोट ट्रिगर गार्डमध्ये कोंबायचं नाही म्हणजे नाही, नकळत चाप ओढला जातो. आणि बोटाला चाप जाणवेनासा झाला की थांबायचं, रायफल रिकामी करायची, हात काखेत. आमच्या रायफलींचा चाप ओढायला किमान अर्ध्या किलोचा जोर लागावा असा नियम आहे. बधिर बोटाला एवढा हलका चाप सुटलेला कळतसुद्धा नाही.

काचेचा_माणूस:

स्कोपबद्दल थोडं. चांगल्या स्कोपात नायट्रोजन किंवा आर्गॉन भरलेला असतो, त्यामुळे आतून धुकं धरत नाही. तुमचा पडदा बाहेरचा आहे. शेकोटी बंद केलीत तरी तो येणार, कारण तुमचा श्वास. गाल दस्त्यावर टेकला की नाकातली वाफ सरळ आयपीसवर (डोळ्याकडच्या काचेवर) जाते आणि तिथेच गोठते. श्वास सोडताना तोंड जरा खाली आणि बाजूला. गोठलेली काच मोज्याने घासू नका, लेप खरवडला जातो. रबरी फुग्याच्या पंपाने हवा मारा, मऊ ब्रश फिरवा. तोंडाने फुंकर मारणारे महाभाग मी पाहिलेत!

अवांतर: फिनलंडचा सिमो हायहा १९३९-४० च्या हिवाळी युद्धात स्कोप न लावता उघड्या साइटनेच लढला. काच धुरकटते आणि चमकते, हे त्यामागचं एक कारण सांगतात. श्वासाची वाफ दिसू नये म्हणून तोंडात बर्फ धरायचा म्हणे. ते मात्र तुम्ही करू नका, दात ठणकतील.

रेंजफाइंडरमध्ये (अंतर मोजायच्या यंत्रात) साध्या अल्कलाइन बॅटऱ्या असतील तर त्या लगेच मान टाकतात. लिथियमच्या घ्या, उणे ४० पर्यंत चालतात.

नवा_नेमबाज:

मंडळी, मनापासून आभार. बोल्ट खोलला. तपकिरी गोळे निघाले, अगदी वर्णनाबरहुकूम! प्रायमरवरची टिचकीही तशीच. पैज तुम्ही जिंकलात.

आता एक शंका. काडतुसं आतल्या खिशात उबदार ठेवू की बाहेर? आणि ३०० वर गोळ्या खाली लागतात, तो माझा नेम की हवा?

जुना_बोल्ट:

बाहेर, रायफलशेजारी, खोक्यात. एक खिशातलं आणि एक थंड असं मिसळलंत तर प्रत्येक गोळीचा वेग वेगळा. दारू थंड असली की हळू जळते. साध्या दारूत दर अंश सेल्सिअसला सेकंदाला अर्धा मीटर असा ढोबळ हिशेब धरतात, पण दारूगणिक तो बराच बदलतो. म्हणजे अधिक २० ला झिरो केलेली रायफल उणे १५ ला वापरली तर वेगात सेकंदाला १५-२० मीटरचा फरक सहज. वर थंड हवा दाट. दाब तोच धरला तर या दोन तापमानांत घनता साधारण १३ ते १४ टक्क्यांनी वाढते, गोळी लवकर मंदावते. १०० वर हे जाणवणारही नाही, ३०० वर काही सेंटीमीटर खाली जाईल. थंडीचा झिरो वेगळा काढा आणि वहीत तापमानासकट लिहा.

त्याआधी जाडं जॅकेट घालून रायफल एकदा खांद्याला लावून बघा. कपड्यांच्या जाडीने दस्ता जणू लांब होतो, डोळा स्कोपपासून मागे राहतो आणि कडेला काळी सावली दिसते. ती दिसत असेल तर आधी दस्त्याच्या मागच्या पट्ट्या कमी करा, मग झिरो.

पाठीवर_रायफल:

आणि धुतलेला बोल्ट रेंजवर नेण्याआधी रिकामी रायफल रात्रभर बाहेर थंडीत ठेवून बघा, कुलूपबंद. सकाळी डमी काडतुसावर घोडा चढतो का, सेफ्टी हलते का, चाप स्वच्छ सुटतो का. अडखळलं तर ट्रिगर पुन्हा धुवा.