मोटारसायकल बांधणीच्या मालिका: काम किती दिसले आणि कलह किती?

पत्राकाम (धागालेखक)

गेल्या महिन्यात मी ‘अमेरिकन चॉपर’ या मालिकेचे सुरुवातीचे भाग ओळीने पुन्हा पाहिले. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तेव्हा न्यूयॉर्क राज्यात असलेल्या ऑरेंज काउंटी चॉपर्स या कारखान्यात पॉल ट्यूटल सीनियर आणि त्यांचा मुलगा पॉल ज्युनियर गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे एकेक चॉपर, म्हणजे पुढचे चाक लांब पुढे काढलेली मोटारसायकल, घडवतात. 2002 मध्ये डिस्कव्हरी वाहिनीवर तिचा चाचणी भाग आला आणि 2003 पासून मालिका नियमित सुरू झाली. त्याच वाहिनीने त्याआधी, 2000 मध्ये, कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या जेसी जेम्स या कारागिरावर माहितीपट केला होता आणि या साऱ्या प्रकाराची सुरुवात तिथून झाली असे मी मानतो.

महाविद्यालयात असताना ही मालिका मला फार आवडत असे. आता स्वतः पत्र्याचे काम शिकल्यावर पाहिली, तेव्हा मनाला लागले ते हे, की मोटारसायकल बांधण्याचा म्हणून सांगितलेल्या या कार्यक्रमात बांधणीच सर्वांत कमी दिसते. पेट्रोलची टाकी घ्या. पुठ्ठ्याचा नमुना कापायचा, त्यावरून पत्रा आखायचा, यंत्राच्या दोन लोखंडी चाकांच्या मधून तो शेकडो वेळा पुढेमागे फिरवून त्याला गोलाई आणायची, दोन अर्ध्या भागांचे काठ जुळवायचे, जागोजागी वेल्डिंगचे टाके मारायचे, मग सलग वेल्डिंग करून घासायचे, असे ते कित्येक तासांचे काम असते. पडद्यावर ते गिटारच्या संगीतावर काही क्षणांत उरकते आणि लगेच कारखान्यातल्या पसाऱ्यावरून बापलेकांचे भांडण सुरू होते, जे मात्र एकही वाक्य न गाळता दाखवले जाते. टाक्या आणि मडगार्ड रंगासाठी बाहेरच्या रंगकाराकडे जात आणि चकाकत परत येत, मधल्या काळात तो माणूस काय करत होता हे क्वचितच कळे. माझ्या मते या मालिकांनी कारागिरीचे नाव वापरले आणि प्रेक्षकांना कलह विकला. आपली मते वाचायला आवडतील.

जुना_प्रेक्षक

मी असहमत आहे. आपण काम आणि भांडण अशा दोन वेगळ्या वस्तू धरल्या आहेत, पण त्या कारखान्यात भांडण बहुतेक वेळा कामाबद्दलच असे. सीनियर यांचा मूळ व्यवसाय लोखंडी जिने आणि कठडे बनवण्याचा. त्या धंद्यात इमारतीवर ठरलेल्या तारखेला माल पोहोचला नाही तर पुढची सगळी कामे अडतात, म्हणून वेळेवर येणे, जागा झाडून ठेवणे आणि आजचे काम आज संपवणे हाच त्यांचा कामाचा धर्म होता. ज्युनियर त्याच कठड्यांच्या कामात वाढले, पण त्यांची पद्धत नेमकी उलटी होती. आराखडा कागदावर न मांडता सुटे भाग समोर ठेवून ते बराच वेळ नुसते पाहत बसत आणि डोक्यात आकार पक्का झाला की झपाट्याने हात चालवत. एकाला दुसऱ्याचा विचार आळस वाटे आणि दुसऱ्याला पहिल्याची शिस्त गळफास वाटे. हा वाद प्रत्येक कारखान्यात, प्रत्येक पेढीवर, वडिलांच्या दुकानात मुलगा बसू लागला की घरोघरी होतो. तो दाखवणे म्हणजे कारागिरीपासून पळ काढणे नव्हे.

शिवाय नुसते वेल्डिंग अर्धा तास कोण पाहणार? घरातले सगळे एकत्र बसून हा कार्यक्रम पाहत, कारण यंत्रातले काही न कळणाऱ्या माणसालाही बापलेक कळत होते.

शिरोलीकर

मी कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशनचे जॉबवर्क करतो. माझी तक्रार भांडणाबद्दल नाही, घाईबद्दल आहे. प्रत्येक भागात अनावरणाची तारीख ठरलेली, रात्र अपुरी, शेवटच्या तासात इंजिन सुरू होते की नाही अशी धाकधूक. त्यातून पाहणाऱ्याची समजूत अशी होते की उत्तम काम दबावाखाली, ओरडा खात आणि जागरण करून होते.

प्रत्यक्षात वेल्डिंगला घाई चालतच नाही. सांगाड्याची नळी तापली की ती ताणली जाते आणि निवताना आखडते. एका बाजूने सलग वेल्ड मारत गेलात तर संपूर्ण चॅसिस त्या बाजूला ओढली जाते आणि मागचे चाक पुढच्याच्या रेषेत राहत नाही. म्हणून जॉब जिगमध्ये, म्हणजे तो जागेवर पकडून ठेवणाऱ्या चौकटीत, आवळायचा, आधी चारही बाजूंनी टाके मारायचे, मग थोडे इकडे, थोडे तिकडे असे वेल्ड करत मध्ये निवू द्यायचे. हे निवू देणे म्हणजे कामच आहे, पण पडद्यावर ते रिकामे बसणे दिसेल, म्हणून ते कापले जाते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगा या मालिका पाहून शिकायला आला होता. हात चांगला होता, पण थांबणे त्याला जमत नसे. त्याने वाकवलेला एक जॉब मला दोनदा कापून पुन्हा जोडावा लागला. दोष मी त्याला देत नाही, कारण त्याने जे पाहिले होते त्यात कोणी थांबतच नव्हते.

दुसरी बाजूही सांगणे मला प्राप्त आहे. याच मालिकांमुळे आमच्या कामाला थोडी प्रतिष्ठा आली. पूर्वी पाहुण्यांत मुलाची ओळख करून देताना ‘वेल्डर आहे’ हे शब्द आवाज खाली आणून उच्चारले जात. आता नोकरदारांची मुले कारखान्यात येऊन टिग वेल्डिंग आणि साध्या वेल्डिंगमधला फरक विचारतात. याचे श्रेय मी नाकारणार नाही.

तिरपा_फोर्क

आतापर्यंत सगळे मालिकेबद्दल बोलले, पण त्यातून बाहेर पडलेल्या वाहनांबद्दल कोणी बोलले नाही. त्यांतल्या अनेक मोटारसायकली चालवण्यासाठी नव्हत्या असे माझे स्पष्ट मत आहे. साध्या रस्त्यावरच्या गाडीचा पुढचा फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारा दुहेरी दांडा, उभ्या रेषेपासून पंचवीस ते तीस अंश तिरपा असतो. चॉपरमध्ये तो चाळीसच्या आसपास किंवा त्याहून अधिक नेला जातो. तिरपेपणा वाढला की गाडी सरळ रस्त्यावर रेषा धरून चालते, पण कमी वेगात हँडल जड होते, वळणावर स्वतःहून आत पडू पाहते आणि अरुंद रस्त्यात वळवणे कठीण होते. त्यात मागे 250 किंवा 300 मिलिमीटर रुंदीचे टायर, म्हणजे आपल्या बुलेटच्या टायरच्या दुपटीहून अधिक, आणि कित्येकदा मागे शॉकअपच नाही. अनुभवी कारागीर फोर्कच्या जोडपट्ट्यांचा कोन बदलून यातले बरेच दोष आटोक्यात आणतो, पण तो हिशेब या मालिकेत नीट समजावून सांगितलेला मला आठवत नाही. आठवतात त्या एखाद्या कंपनीच्या मालाच्या आकाराच्या टाक्या आणि बोधचिन्हाच्या आकाराची चाके. ती चाकांवर बसवलेली जाहिरात होती.

त्याच वाहिनीवर ‘बायकर बिल्ड-ऑफ’ नावाची मालिका होती, ती मला कितीतरी प्रामाणिक वाटते. दोन कारागीर ठरावीक दिवसांत एकेक गाडी बांधत आणि मग ती स्वतः चालवत मेळाव्याला नेत. रस्त्यावर गाडी बिघडली तर तीही सगळ्यांसमोर. न्यूयॉर्कचे इंडियन लॅरी यांनी 2004 मध्ये साखळीच्या जाड कड्या एकमेकींना वेल्ड करून सांगाड्याचा भाग बनवला होता. साखळी, जी स्वभावतः लोंबते, तिलाच भार पेलायला लावण्याची ही कल्पना मी आजवर विसरलो नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नॉर्थ कॅरोलिनात, धावत्या मोटारसायकलवर उभे राहण्याचा नेहमीचा प्रयोग करताना ते पडले आणि दोन दिवसांनी त्यांचे निधन झाले. त्यांच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हते, हेही लिहिले पाहिजे.

हडसनकाठ

मी गेली अनेक वर्षे न्यूयॉर्क राज्यात, न्यूबर्गपासून फार लांब नसलेल्या गावात राहते. ऑरेंज काउंटी चॉपर्सचा कारखाना तिथे असताना पाहुणे आले की त्यांना आम्ही तो दाखवायला नेत असू. आता ती कंपनी फ्लोरिडात गेली आहे.

तिरपा_फोर्क यांचा मुद्दा तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, पण सगळ्या वस्तू एकाच मापाने मोजता येत नाहीत. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यात न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाचे 343 जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ ज्युनियर यांनी बंबासारख्या लाल रंगाची मोटारसायकल घडवली आणि तिच्यात जागतिक व्यापार केंद्राच्या पोलादातला एक रिव्हेट बसवला. आमच्या भागातल्या कित्येक घरांतले लोक अग्निशमन दलात किंवा पोलिसांत आहेत. ती गाडी पाहताना मोठमोठी माणसे गप्प झालेली लोकांना आठवतात. तिचा फोर्क किती अंशांचा आहे हे तिथे कोण विचारील? आपल्याकडे पालखीचा चांदीचा रथ असतो. तो रोजच्या वाहतुकीला उपयोगी नाही म्हणून कोणी त्याच्या कारागिराला नावे ठेवत नाही.

तिरपा_फोर्क

रथाचे उदाहरण मला मान्य आहे आणि त्या लाल गाडीबद्दल माझे म्हणणे मी मागे घेतो. मात्र त्यामुळेच पुढचे अधिक खटकते. एका शोकातून जी भाषा जन्मली, तीच भाषा पुढे विक्रीच्या मालासाठी वापरली गेली. पडदा ओढायचा, टाळ्या, डोळ्यांत पाणी, सगळे तसेच, फक्त आता समोर एखाद्या कंपनीचा विक्री विभाग उभा. 2008 च्या मंदीनंतर अशा महागड्या चॉपर घेणारे गिऱ्हाईक आटले आणि टेक्सासमधली अमेरिकन आयर्नहॉर्ससारखी चॉपर बनवणारी मोठी कंपनी त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली. त्यानंतर उरला तो जाहिरातदारच.

मागची_सीट

जुना_प्रेक्षक म्हणतात की बापलेक सगळ्यांना कळत होते. मला ते फारच कळत होते, म्हणून मी पाहणे सोडले. आमच्या घरी वडील आणि भाऊ एकाच दुकानात होते आणि जेवणाच्या ताटावर हिशेब निघत. ज्याने असे घर पाहिले आहे त्याला मालिकेत बापलेकांच्या भांडणात खुर्ची भिरकावली जाते, त्या प्रसंगात करमणूक दिसत नाही. 2018 मध्ये त्याच प्रसंगाची चित्रे लावून लोकांनी हजारो विनोद केले. त्या चित्रांतला मुलगा त्या भांडणानंतर खरोखरच वडिलांच्या कारखान्यातून बाहेर पडला, त्याच्या 20 टक्के हिश्श्यावरून दोघे न्यायालयात गेले, आणि 2010 मध्ये वाहिनीने ‘सीनियर विरुद्ध ज्युनियर’ असे नाव देऊन त्या फुटलेल्या घराचीच नवी मालिका केली. घर जुळले असते तर वाहिनीचे नुकसान होते. ज्याचा फायदा भांडण चालू राहण्यात आहे, त्याला घरात तिसरा माणूस म्हणून बसवू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

जुना_प्रेक्षक

आपला अनुभव वाचून वाईट वाटले आणि त्यावर वाद घालण्याचा मला अधिकार नाही. मी एवढेच म्हणेन की ते दोघेही सज्ञान होते, करार त्यांनी केले होते आणि 2018 मध्ये मालिका पुन्हा सुरू झाली तेव्हा दोघेही परत आले. कॅमेऱ्याने तेढ वाढवली असेल, निर्माण केली असे मला वाटत नाही.

पत्राकाम यांना मात्र एक प्रश्न आहे. 1969 च्या ‘ईझी रायडर’ या चित्रपटातली, टाकीवर अमेरिकेच्या झेंड्याची नक्षी असलेली चॉपर साऱ्या जगाला माहीत आहे. चित्रपटातल्या त्या मोटारसायकली घडवण्यामागे क्लिफ व्हॉज आणि बेन हार्डी हे लॉस एंजेलिसचे दोन कृष्णवर्णीय कारागीर होते. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्यांची नावे नव्हती आणि पुढची कित्येक दशके ती फारशी कोणाला ठाऊक नव्हती. उलट ‘अमेरिकन चॉपर’मुळे कारखान्यात नट आवळणाऱ्या व्हिनी डिमार्टिनो आणि रिक पेटको यांची नावे आमच्या सोलापुरातल्या मुलांना पाठ होती. कारागिराचे नाव पुसले गेले ते कधी, दूरचित्रवाणीच्या आधी की नंतर?

पत्राकाम

या प्रश्नाने मला थांबवले. बेन हार्डी यांच्यावर झालेला अन्याय मला ठाऊक होता, पण तो या मालिकांच्या शेजारी ठेवून मी कधी पाहिला नव्हता. नाव देण्याच्या बाबतीत या मालिकांनी मोठे काम केले हे मी मान्य करतो आणि ‘कलह विकला’ हे माझे वाक्य त्या मानाने कठोर होते. मागची_सीट यांनी लिहिलेले वाचल्यावर ते पूर्णपणे मागे घेणे मात्र मला जमणार नाही.

माझा उरलेला आक्षेप शिरोलीकरांच्या जवळ जातो. माणसांची नावे दिली, चेहरे दिले, पण त्यांच्या कामाला लागणारा वेळ दिला नाही. नुसते वेल्डिंग कोणी पाहणार नाही हे मला पटत नाही. ते कसे पाहायचे हे कोणी दाखवले नाही, इतकेच. शिरोलीकर, पत्र्याच्या कामातली अशी एखादी जागा आपण सांगू शकाल का, जिथे ओरडा नसतानाही पाहणाऱ्याचा श्वास अडकेल?

शिरोलीकर

टाकीची चाचणी. सगळे वेल्ड पूर्ण झाल्यावर टाकीची तोंडे बंद करायची आणि आत अगदी थोड्या दाबाने हवा सोडायची. जास्त सोडलीत तर इतक्या तासांची गोलाई फुगून वाया जाते. मग प्रत्येक सांध्यावर कुंचल्याने साबणाचे पाणी लावायचे आणि गप्प उभे राहायचे. गळती असेल तर एका जागी बारीक बुडबुडा येतो, फुटतो, पुन्हा येतो. ती जागा खडूने खूण करून ठेवायची, घासायची, पुन्हा वेल्ड, पुन्हा साबण. आमच्याकडे त्या वेळी शेजारचा ग्राइंडरही बंद करतात, कारण फार बारीक गळती डोळ्याला दिसण्याआधी कानाला ऐकू येते.

पत्राकाम

हेच मला पाहायचे होते. सहा-सात हंगाम पाहिले, पण हे एकदाही दिसले नाही.