रेइका उत्सुगी आणि सातवा डाव

मोठा खेळाडू चांगला प्रशिक्षक क्वचितच होतो, कारण स्वतःला सहज जमलेले इतरांना का जमत नाही हे त्याला उमगत नाही, हे नेहमी ऐकू येणारे मत मला अर्धेच मान्य आहे. ज्याला खेळण्यासाठी ताटकळावे लागले, त्याला ते उमगते. सॉफ्टबॉलपटू रेइका उत्सुगी मूळच्या बीजिंगच्या. त्या १९८८ मध्ये जपानला गेल्या, १९९५ मध्ये तेथील नागरिक झाल्या, आपल्या प्रशिक्षक ताएको उत्सुगी यांचे आडनाव त्यांनी स्वीकारले, पण नागरिकत्व बदलल्यामुळे १९९६ चे अटलांटा ऑलिंपिक त्यांना खेळता आले नाही. पुढे सिडनीत रौप्य आणि अथेन्समध्ये कांस्य मिळाले. टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ मध्ये, त्याच जपानच्या मुख्य प्रशिक्षक होत्या आणि अंतिम सामन्यात अमेरिकेला २-० असे हरवून संघाने सुवर्ण जिंकले.

त्या सामन्यात त्यांनी सहाव्या डावात चेंडू टाकणाऱ्या (पिचर) ३९ वर्षांच्या युकिको उएनो यांना विश्रांती देऊन तरुण मिउ गोतो यांच्या हाती चेंडू दिला आणि सातव्या, म्हणजे शेवटच्या, डावात उएनोंना परत आणले. सुरुवातीच्या खेळाडूला एकदा परतण्याची मुभा सॉफ्टबॉलचा नियम देतो, बेसबॉल देत नाही. फोंड्यात आमच्या शाळेच्या मुलींना मी सॉफ्टबॉल शिकवतो. बदली होताच रडवेली होणाऱ्या मुलीला मी आता हाच सामना सांगतो, आणि ती बाकावर बसूनही समोरच्या फलंदाजांवरची नजर काढत नाही.