मदत हवी आहे : वैमानिक मुलाला स्वेच्छेने दुसऱ्या युनिटबरोबर जायचे आहे, अर्ज कोणाकडे करावा?

कृष्णाकाठ
नमस्कार. माझा मुलगा हेलिकॉप्टर वैमानिक आहे. त्याचे प्रशिक्षण नाशिकला झाले आणि विंग्ज (वैमानिकाचा बिल्ला) मिळाल्यापासून तो एकाच युनिटमध्ये आहे. उत्तरेकडील एका युनिटला काही महिन्यांसाठी वैमानिक हवे आहेत असे त्याच्या कानावर आले असून स्वतःहून तेथे जाण्याची त्याची इच्छा आहे. वरिष्ठांकडे विषय काढला की ते ‘बघू’ म्हणतात आणि तेवढ्यावरच थांबतात. सोमवारपर्यंत त्याला काय ते ठरवायचे आहे. असा अर्ज कोणाकडे करायचा, त्यात काय लिहायचे आणि अर्ज केल्यामुळे पुढे त्याचे नुकसान होते का, एवढेच मला विचारायचे आहे. सैन्यात जावे की जाऊ नये, यावरची चर्चा कृपया येथे नको.

पानशेतकर
मुलगा हवाई दलात आहे की लष्करात, हे आपण लिहिलेलेच नाही. नाशिकजवळ ओझरला हवाई दलाचा दुरुस्ती तळही आहे. दोन्हीकडची पद्धत वेगळी असल्यामुळे हे कळल्याशिवाय उत्तर देणे शक्य नाही.

कृष्णाकाठ
हवाई दलाचे वैमानिक हेलिकॉप्टर शिकण्यासाठी हैदराबादजवळ हकीमपेटला जातात. नाशिक रोडला शिकला म्हणजे तो लष्कराच्या स्वतःच्या हवाई शाखेत, आर्मी एव्हिएशनमध्येच असणार, हे वेगळे सांगावे लागेल असे मला वाटले नव्हते. कृपया मूळ प्रश्नाकडे यावे.

गिरीभ्रमर
तो कोणते हेलिकॉप्टर उडवतो? उड्डाणाचे तास किती झाले आहेत? सध्याचे युनिट कोठे आहे आणि ज्या युनिटला माणसे हवी आहेत ते कोणते? तो कॅप्टन, म्हणजे मुख्य वैमानिक, म्हणून उड्डाण करतो की अजून को-पायलट (सहवैमानिक) आहे? एवढे सांगितलेत तर मार्गदर्शन करता येईल.

संपादक मंडळ
वरील प्रश्नांपैकी युनिटचे नाव, ठिकाण आणि हालचालीच्या तारखा यांची उत्तरे येथे देऊ नयेत. सेवेतील व्यक्तीच्या नातेवाइकाने सहज लिहिलेले एखादे वाक्यही इतर तपशिलांशी जोडता येते. सैन्याने २०२० साली आपल्या लोकांना मोबाइलमधील ८९ अ‍ॅप काढून टाकायला सांगितली होती, ती याच काळजीने. धागा सुरू राहील. प्रश्न आणि उत्तरे दोन्ही कार्यपद्धतीपुरती ठेवावीत.

निवृत्त_तोफची
मी तोफखान्यातला. आमच्या वेळी तोफखान्याचेच अधिकारी छोट्या विमानांतून वर जाऊन तोफांचा मारा कोठे पडतो आहे हे सांगत. त्याला आम्ही एअर ओपी म्हणत असू. त्यातूनच पुढे १ नोव्हेंबर १९८६ रोजी आर्मी एव्हिएशन कोअर स्वतंत्र झाले. हे सांगण्याचे कारण असे की एका युनिटच्या अधिकाऱ्याने दुसऱ्याच्या कामासाठी जाणे या शाखेला जन्मापासून परिचित आहे आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. प्रथम मुलाने हे स्पष्ट करून घ्यावे की समोर आहे ती टेम्पररी ड्यूटी की बदली. टेम्पररी ड्यूटीत तो आपल्याच युनिटच्या पटावर राहतो आणि काम संपले की परत येतो. बदली झाली तर तो विषय लष्करी सचिव शाखेकडे जातो आणि परत येण्याचे आश्वासन कोणीही देऊ शकत नाही. दोन्ही बाबतींत अर्ज त्याच्या कमांडिंग ऑफिसरच्या (युनिटप्रमुखाच्या) नावाने आणि अ‍ॅडज्युटंटच्या, म्हणजे युनिटचे कार्यालयीन काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या, हातून जातो. ज्या युनिटला माणसे हवी आहेत तेथील ओळखीच्या अधिकाऱ्याला परस्पर फोन करून ‘मला मागून घ्या’ असे सांगण्याचा मोह तरुण अधिकाऱ्यांना फार होतो. तो त्याने टाळावा.

दर्यावर्दी
एवढा खटाटोप कशासाठी? त्याने संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेसाठी नाव द्यावे. काँगोमध्ये आपली एमआय-१७ आणि एमआय-३५ हेलिकॉप्टरे कित्येक वर्षे होती. परदेशाचा अनुभव मिळतो आणि भत्ताही चांगला असतो. माझ्या साडूंचे चिरंजीव तेथे जाऊन आले आहेत.

पानशेतकर
काँगोतील ती हेलिकॉप्टरे हवाई दलाची होती आणि २०११ मध्ये ती परतही आली. मुलगा लष्करात आहे हे वर स्पष्ट झाले आहे. शिवाय तेथे तुकडीच्या तुकडी जाते. एखाद्याने वैयक्तिक अर्ज करून सामील होण्याचा तो मार्ग नव्हे.

दर्यावर्दी
मी पर्याय सुचवला, आदेश दिला नाही. १९६१ मध्येही आपली कॅनबेरा विमाने काँगोला गेली होती, हे आपल्या माहितीसाठी.

पानशेतकर
तीसुद्धा हवाई दलाचीच होती.

अनामिका_पुणे
माझे यजमान या शाखेत होते, म्हणून थोडे वेगळे लिहिते. जाण्यापूर्वी मुलाने सामूहिक विम्यातील वारसाचे नाव, बँक खात्यातील नामनिर्देशन आणि घरच्यांचे संपर्क क्रमांक युनिटच्या नोंदीत बरोबर आहेत का, हे पाहावे. अविवाहित अधिकाऱ्यांच्या कागदांवर कमिशन मिळाले त्या वेळचा पत्ता तसाच राहून जातो. आपण हे विचारलेले नाही याची मला कल्पना आहे.

कृष्णाकाठ
ताई, आभारी आहे, ते मी त्याला सांगतो. परंतु ‘बघू’ या उत्तराचा अर्थ काय आणि त्यावर त्याने काय करावे, हे अजून कोणी सांगितलेले नाही. मला वाटते त्याला टाळत आहेत.

इतिहासवेडा
स्वेच्छेने दुसऱ्या युनिटमध्ये गेलेल्या तरुण वैमानिकांचे आपल्याकडचे मोठे उदाहरण १९४० सालचे आहे. त्या वर्षी २४ भारतीय वैमानिक ब्रिटनला गेले आणि प्रशिक्षणानंतर त्यांतील काही जणांना रॉयल एअर फोर्सच्या स्क्वाड्रनमध्ये नेमण्यात आले. महिंदरसिंग पुज्जी हे त्यांतलेच. ते ४३ आणि २५८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधून हरिकेन विमाने उडवत आणि पगडी सोडायला त्यांनी नकार दिला होता. शिवदेव सिंग १५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये स्टर्लिंग बॉम्बर उडवत असत. पुज्जी पुढे भारतात परतून ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढले. परक्या युनिटमध्ये मिळवलेला अनुभव घरच्या युनिटच्या कामी येतो, हा मुद्दा अर्जात जरूर मांडावा.

निवृत्त_तोफची
उदाहरण उत्तम आहे, पण शांततेच्या काळातील अर्जात महायुद्ध आणू नये. कमांडिंग ऑफिसरला अशा अर्जात एकच गोष्ट पाहायची असते : हा मुलगा गेला तर त्याच्या जागी उड्डाण कोण करणार?

चेतकवाला
उत्तर या शेवटच्या वाक्यातच आहे. मी उत्तरेकडे उड्डाण केलेले आहे. कधी आणि कोणत्या युनिटमधून, ते विचारू नये.

कृष्णाकाठ, ‘बघू’ म्हणजे टाळाटाळ असेलच असे नाही. छोट्या युनिटमध्ये वैमानिक मोजकेच असतात. त्यांतील कोणी कोर्सवर असतो, कोणी रजेवर, कोणी वैद्यकीय कारणाने तात्पुरता जमिनीवर. फ्लाइट कमांडरच्या डोळ्यांसमोर हा तक्ता सतत असतो. मुलाने उत्साहाचे दोन परिच्छेद लिहिण्यापेक्षा तक्त्यातली आपली जागा त्या काळात कशी भरेल, हे सहकाऱ्यांशी बोलून घेऊन वरिष्ठांसमोर ठेवावे. परवानगी मिळण्याची शक्यता त्यानेच वाढते.

दुसरा मुद्दा यजमान युनिटचा, म्हणजे ज्यांना माणसे हवी आहेत त्यांचा. अतिउंचीवरचे उड्डाण हे मैदानी उड्डाणाहून वेगळे काम आहे. हवा विरळ असल्यामुळे रोटरला उचल कमी मिळते आणि इंजिनाची शक्तीही घटते. चीता हेलिकॉप्टर म्हणजे मूळच्या फ्रेंच ‘लामा’ हेलिकॉप्टरचे भारतीय रूप, आणि लामाने १९७२ साली १२,४४२ मीटर उंचीचा विक्रम केलेला. पण तो सर्व अनावश्यक वजन काढून टाकून केला होता. सियाचीनच्या वरच्या चौक्यांवर तेच यंत्र अगदी थोडे ओझे घेऊन पोहोचते, उतरायला जेमतेम स्किड (हेलिकॉप्टरच्या खालच्या दांड्या) मावतील एवढी जागा असते आणि सामान उतरवेपर्यंत इंजिन चालूच ठेवतात. तेथे दोन हेलिकॉप्टरे जोडीने जातात, म्हणजे एकाला काही झाले तर दुसरे जवळ असते. अशा ठिकाणी नव्या माणसाला थेट उजव्या, म्हणजे मुख्य वैमानिकाच्या, खुर्चीत बसवून पाठवत नाहीत. आधी उंचीची सवय, मग अनुभवी वैमानिकाबरोबर चाचणी उड्डाणे, मग एकेक हेलिपॅड दाखवून त्यासाठीची परवानगी, असा क्रम असतो. पायदळाच्या जवानालासुद्धा सहा, चार आणि चार दिवसांच्या टप्प्यांनी वर नेतात. काही महिन्यांच्या टेम्पररी ड्यूटीतला बराच काळ यातच जातो, आणि तो कामाचा झाला म्हणेपर्यंत परतीचा आदेश येतो. म्हणून यजमान युनिट आधी त्याच प्रकारच्या हेलिकॉप्टरवर तयार असलेला माणूस मागते. आपला मुलगा त्या प्रकारावर नियमित उड्डाण करत असेल तर अर्जाचे पहिले वाक्य तेच असावे. नसेल, तर या खेपेला त्याचा विचार होणे कठीण आहे. तसे झाल्यास तो अपमान समजू नये.

गिरीभ्रमर
म्हणूनच मी हेलिकॉप्टर कोणते ते विचारले होते आणि संपादकांनी मला गप्प बसवले.

संपादक मंडळ
आपण युनिटचे ठिकाणही विचारले होते.

सातारकर_७७
भत्त्याचे कोणी बोलत नाही. सातव्या वेतन आयोगानंतर सियाचीन भत्ता अधिकाऱ्यांना महिना ४२,५०० रुपये झाला. तरुण माणसाने संधी सोडू नये.

चेतकवाला
त्यांचा मुलगा सियाचीनलाच जाणार असे त्यांनी कोठेही लिहिलेले नाही. तेथील उदाहरण मी दिले, कारण ते मला माहीत आहे. तात्पुरत्या कामावर कोणता भत्ता किती दिवसांचा मिळतो हे आदेशातील शब्दांवर आणि प्रत्यक्ष ठिकाणावर ठरते. आदेश हातात येण्यापूर्वी हा हिशेब करू नये, आणि अर्जात तर त्याचा उल्लेखही नको.

निवृत्त_तोफची
नुकसानीविषयीचा प्रश्न राहिला. अर्ज केला आणि नाकारला गेला, एवढ्याने कोणाचे वाईट झालेले मी पाहिलेले नाही. नाकारल्यावर तोंड पाडून फिरणाऱ्यांचे मात्र झाले आहे. वार्षिक गोपनीय अहवाल त्या काळापुरता कोण लिहिणार, हे जाण्यापूर्वी विचारून घ्यावे. ही विचारणा उद्धटपणाची समजली जात नाही. तसेच येत्या काळात त्याला एखादा कोर्स मिळणार असेल, तर तारखा एकमेकींवर येत नाहीत ना, हे पाहावे. उड्डाण प्रशिक्षकाच्या कोर्सची जागा पुन्हा लवकर मिळेलच असे नाही. आणि अर्ज मुलानेच लिहावा. वडिलांनी घातलेली भाषा पहिल्या ओळीतच ओळखू येते.

कृष्णाकाठ
काल रात्री त्याचा फोन आला. समोर आहे ती टेम्पररी ड्यूटीच आहे. हेलिकॉप्टर तेच आहे, यापेक्षा अधिक लिहीत नाही. त्याच्या युनिटमधील दोघे कोर्सवर असल्यामुळे ‘बघू’ असे उत्तर मिळत होते. त्यांतील एक जण पुढच्या आठवड्यात परत येत आहे, आणि ही गोष्ट त्याने मला आजवर सांगितली नव्हती कारण त्याच्या मते ती मला ठाऊक असायला हवी होती. फ्लाइट कमांडरशी आधी बोलून मगच अ‍ॅडज्युटंटकडे अर्ज द्यायचा, असे त्याने ठरवले आहे. अर्ज अर्ध्या पानाचा आहे. मी मसुदा पाहायला मागितला होता, त्याने दिला नाही.

चेतकवाला
योग्य केले. को-पायलट म्हणून जायलाही तयार आहे, हे त्यात लिहिले आहे का, तेवढे विचारा. हे वाक्य नसेल तर यजमान युनिटकडून तोच प्रश्न परत येतो आणि त्यात आठवडा जातो.

कृष्णाकाठ
विचारले. ते वाक्य नव्हते, आता घातले आहे.

दर्यावर्दी
संयुक्त राष्ट्रांचाही विचार पुढेमागे व्हावा.