झेनमध्ये एस्टीमचं इंजिन बसवलं, आता कॅम कोणता घेऊ?

झेन_मानेवाडा:
राम राम मंडळी. माझी १९९८ ची झेन, त्यात एस्टीमचं १.३ एमपीएफआय म्हणजे जी१३बीबी टाकलं, सहा महिने झाले, वायरिंग-माउंटिंग सगळं बसलं, गाडी मस्त पळून राहिली. आता कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडझाप करणारा दांडा, बदलायचं डोक्यात आहे. एक जण २८० डिग्रीचा (व्हॉल्व्ह तेवढे डिग्री उघडा राहते असा) कॅम देतो म्हणते, इथला ग्राइंडिंगवाला म्हणते तुझाच कॅम घासून देतो. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) कंपनीचाच, एसी पण पाहिजे. रोज मानेवाडा ते हिंगणा एमआयडीसी, महिन्यातून एखाद्या वेळी समृद्धी. कोणता घेऊ सांगजा.

टॅपेट_भाऊ:
पहिले त्याले विचार, हे २८० कशावर मोजले? व्हॉल्व्ह जरासा हलला तिथून मोजलं तर २८०, अन तोच कॅम १ मिमी लिफ्टवर, म्हणजे व्हॉल्व्ह १ मिमी उघडल्यावर, मोजला तर कितीतरी कमी भरते. दोन वेगळ्या मापांची तुलना करूच नको. कंपनीच्या ईसीयूवर रोज चालवायची तर १ मिमीवर २१० ते २२० च्या आतबाहेर राहा, एवढंच.
मोठ्या कॅमचं असं आहे की इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होते. कमी आरपीएमवर आत आलेली हवा पिस्टन वर येता येता परत मॅनिफोल्डमध्ये (हवा आणणाऱ्या नळीत) ढकलते, म्हणजे कॉम्प्रेशनच पडते. वरच्या आरपीएमले हवेचा जोर असतो म्हणून तिथं फायदा होते. तू सांग, हिंगणा रोडवर ट्रकच्या मागं दुसऱ्या गिअरमध्ये एसी लावून ६००० आरपीएम कधी लागते? समृद्धीवर पण कारला लिमिट १२० चीच आहे.

सीताबर्डीकर:
मी हे करून बसलोय म्हणून कळकळीने सांगतो. माझ्या जिप्सीत मोठा कॅम टाकला होता, इंजिन हेच. ओव्हरलॅप (इनटेक-एग्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे राहणं) जास्त झाला की स्लोवर मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम पडतो, आणि आपला ईसीयू मॅप सेन्सरवरून, म्हणजे मॅनिफोल्डच्या दाबावरून, हवा ओळखतो, त्याला वाटतं लोड आहे, तो पेट्रोल ओततो. सिग्नलला गाडी थरथरायची, पेट्रोलचा वास आत यायचा, ते एकवेळ चाललं असतं, पण ब्रेक पेडलला जोर देणारा बूस्टर पण त्याच व्हॅक्यूमवर चालतो. व्हरायटी चौकात उभ्या गाडीत दोनदा पेडल दाबलं आणि तिसऱ्यांदा ते दगडासारखं कडक. पुढे शाळेची पोरं रस्ता ओलांडत होती. दुसऱ्याच दिवशी जुना कॅम परत टाकला.

रेडलाइन_३१:
मी म्हणतो टाकायचाच तर दमदार टाका, वेगळा ईसीयू घ्या, ट्यून करा. १६ व्हॉल्व्हचं हेड आहे, वर मस्त श्वास घेतं. फक्त मग एसी आणि अ‍ॅव्हरेज विसरा.

हेडवाला_मिस्त्री:
घासून देतो म्हणणाऱ्याला विचारा, बेस सर्कल किती कमी होणार. लोब (कॅमचा उंचवटा) उंच करत नाहीत, खालचा गोल भाग घासतात, त्यामुळे व्हॉल्व्ह दाबणारा रॉकर खाली बसतो, टॅपेटचा स्क्रू जास्त बाहेर काढावा लागतो, त्याचा कोन बिघडतो. थोडं घासलं तर चालतं. लिफ्ट वाढली की स्प्रिंगची कडी एकमेकीला टेकते का तेही पाहा. आणि यात इनटेक-एग्झॉस्टचे लोब एकाच शाफ्टवर आहेत, त्यामुळे अ‍ॅडजस्टेबल पुलीने ओव्हरलॅप बदलत नाही, दोन्ही सोबतच पुढे-मागे सरकतात.
बसवायच्या आधी व्हॉल्व्ह आणि पिस्टनमध्ये किती जागा उरते ते पाहायला पिस्टनवर मळलेली माती ठेवा, हेड आवळा, बेल्ट लावून हाताने दोन फेरे फिरवा, स्टार्टर मारायचा नाही. मग हेड काढून ठसा ब्लेडने मधोमध कापा आणि जाडी मोजा. इनटेकला २ मिमी, एग्झॉस्टला अडीचपेक्षा कमी निघाली तर तो कॅम परत करा.

टॅपेट_भाऊ:
अन आरसीवर नवा इंजिन नंबर चढवला ना? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आधी ते.

झेन_मानेवाडा:
आरसीचं झालं भाऊ, आरटीओले तीन चकरा मारल्या. ब्रेकचं वाचून २८० चा नाद सोडला. आधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन चेक करतो, ठीक निघालं तर लहान कॅम, माझाच घासून. मिस्त्री, पोराची खेळायची रंगीत माती चालते का?

हेडवाला_मिस्त्री:
चालते. फक्त व्हॉल्व्हच्या तोंडाला तेलाचा हात लावा, नाहीतर ठसा चिकटून उपटून येतो.