कॉपरसाठी प्रोब (धातू ओळखणारा चमकणारा रेणू) केलाय, पण चमक वाढायच्या ऐवजी विझते

प्रश्न: एमएस्सीचा प्रोजेक्ट चालू आहे, कुमारिनला (निळा चमकणारा रंग) शिफ बेस (धातू धरणारा C=N गट) जोडून प्रोब बनवला, अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये निळा मस्त चमकतो पण कॉपर टाकलं की विझतो. मला उलट हवंय, कॉपर आल्यावर पेटायला पाहिजे. काय बदलू?

उत्तर १: कॉपर टू (Cu²⁺) पॅरामॅग्नेटिक आहे, म्हणजे त्यात एक इलेक्ट्रॉन जोडीशिवाय असतो, म्हणून चमकणाऱ्या रेणूला चिकटला की बहुतेक वेळा विझवतो. आणि विझणारा प्रोब भरवशाचा नाही, ऑक्सिजन, आयोडाइड कशानेही चमक कमी होते, मग कॉपरमुळेच झाली हे सांगणार कसं. र्‍होडामाइन बी (गुलाबी चमकणारा रंग) पासून केलेलं हायड्राझाइड बघ, 1997 मध्ये झार्निकच्या ग्रुपने केलेलं. त्यातली स्पायरो रिंग (रेणूतलं बंद कडं) बंद असताना रंगही नाही आणि चमकही नाही, कॉपर बसलं की रिंग उघडते, मग हायड्रॉलिसिस होऊन (पाण्याने बंध तुटून) र्‍होडामाइन बी सुटतो, गुलाबी रंग नुसत्या डोळ्यांनी दिसतो आणि 580 नॅनोमीटरच्या आसपास झकास चमक. सुटलेला रंग स्वतः कॉपरला धरून ठेवत नाही म्हणून विझत नाही, मला तर ही आयडिया फार आवडते!

उत्तर २: फक्त आम्लातही रिंग उघडते हां, म्हणजे कॉपर नसतानाही पेटेल, म्हणून बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) वापरच, पीएच 7 च्या जवळ ठेव. मर्क्युरीचा कंट्रोलही घे, म्हणजे कॉपरऐवजी मर्क्युरी टाकून पेटतो का ते बघ.

प्रश्नकर्ता: खूप आभार, हायड्राझाइड करायला लागणारं हायड्राझिन हायड्रेट लॅबमध्ये आहे, उद्याच इथेनॉलमध्ये रिफ्लक्स लावतो (उकळत ठेवून वाफ परत थंड करून आत सोडतो).

उत्तर २: फ्यूम हूडमध्येच लाव, हायड्राझिन विषारी आहे.